जुन्या मोटारसायकलीची पाठचिकित्सा

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा एक संकेत असा, की त्यात वाहन आधीच हजर असते. आगगाडी फलाटावर उभी असते, विमानाचे तिकीट काढून झालेले असते, घोड्यावर खोगीर चढलेले असते. लेखक निघतो आणि कथन सुरू होते. वाहनाची निवड ही प्रवासाच्या अगोदरची, म्हणून कथनाच्या बाहेरची गोष्ट ठरते. ज्याच्या खिशात पुरेसे पैसे आहेत त्याच्यापुरते हे ठीकच आहे. ज्याला तीस-पस्तीस हजारांत, दुसऱ्या कुणीतरी वापरून सोडलेली मोटारसायकल घेऊन जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटरचा रस्ता कापायचा आहे, त्याच्यासाठी मात्र निवड हाच प्रवासाचा पहिला टप्पा असतो, आणि पुष्कळदा तो उरलेल्या टप्प्यांपेक्षा अवघड असतो. पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंतचे माझे बहुतेक रविवार या टप्प्यात गेले. त्यातून हाती आलेली समज केवळ मोटारसायकलींपुरती आहे असे मला वाटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

जायचे आहे तंजावरला. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो मजकूर छापील स्वरूपात मिळतो आणि मी तो वाचलेला आहे. पण छापील पाठ वाचणे आणि भिंत वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय वाटेत जिंजी आहे. १६८९ साली पन्हाळ्याहून वेषांतर करून निघालेले राजाराम महाराज केळदीच्या राणी चन्नम्माच्या मुलखातून, पुढे बंगळूर-वेलोरमार्गे जिंजीला पोहोचले. तिथे राहून त्यांनी राज्य तगवले आणि परत आल्यावर राजधानी केली ती साताऱ्याला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एकच आहे, तो जिंजी. दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरे येथे शहाजीराजांची समाधी आहे. रेल्वेने गेलो तर यांतले दोन बिंदू दिसतील. बिंदूंना जोडणारी रेघ दिसणार नाही. निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी करत मराठी कुठे विरळ होत जाते, कुठे अचानक एखाद्या दुकानाच्या पाटीवर पुन्हा उगवते, हे रस्त्यानेच समजेल.

पैशांचा हिशोब सरळ होता. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. आठवड्यातले तीन दिवस सातारा जिल्ह्यात कराडला आणि तीन दिवस सांगलीला. शंभर सीसीची नवी गाडी रस्त्यावर यायला आज पाऊण लाखाच्या वर रक्कम लागते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्याचे मानधन थांबते त्याने हप्ते डोक्यावर घेऊ नयेत. तेव्हा गाडी जुनी, दुरुस्तीसकट पस्तीस हजारांच्या आत, आणि प्रवासाहून परतल्यावर कराड-सांगली रोज धावू शकेल अशी हवी. यात चूक झाली तर प्रवास तर बुडणारच, पण पुढच्या वर्षभराची बचतही बुडणार, एवढे या निवडीला वजन होते.

आपल्या मनात मोटारसायकलवरच्या दूरच्या प्रवासाची जी प्रतिमा असते ती बरीचशी पुस्तकांनी घडवलेली आहे. १९५२च्या जानेवारीत अर्नेस्टो गेव्हारा आणि त्याचा मित्र निघाले ते १९३९च्या बनावटीच्या पाचशे सीसी नॉर्टनवर. तिचे नाव त्यांनी कौतुकाने 'बलवान' अशा अर्थाचे ठेवले होते. चिलीत पोहोचेपर्यंत ती निकामी झाली आणि पुढचा प्रवास पायी, ट्रकमधून, बोटीतून झाला. टेड सायमन १९७३ साली ट्रायम्फवरून निघाला आणि चार वर्षे जगभर हिंडला. या लेखनात गाडी मोडणे हा जणू वरदहस्त असतो. ती मोडते म्हणून माणसे भेटतात, अनुभव येतात. हे खोटे नाही. मात्र मोडण्यातला हा काव्यानुभव ज्याला परत येऊन सोमवारी सकाळी पहिला तास घ्यायचा आहे त्याला परवडत नाही. मला मोडली तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा चालेल अशी गाडी हवी होती.

या संदर्भात रॉबर्ट पिर्सिगच्या १९७४च्या पुस्तकातला एक प्रसंग मला फार मार्मिक वाटतो. सोबतच्या मित्राच्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल होऊन सरकते. निवेदक सुचवतो की बिअरच्या रिकाम्या डब्याची पातळ पट्टी कापून मध्ये घालू, हँडल घट्ट बसेल. तांत्रिकदृष्ट्या तो उपाय उत्तम आहे, परंतु मित्राला तो अपमान वाटतो: एवढ्या नामांकित यंत्राला बिअरच्या डब्याचे ठिगळ! पिर्सिगने यातून तत्त्वज्ञानाच्या दिशेने जो मार्ग काढला तो आपल्याला ठाऊक आहे. मला मात्र या प्रसंगात गाडी निवडण्याची कसोटीच दिसते. ठिगळ सहन करणारी गाडी आणि ठिगळाने अपमानित होणारी गाडी असे वाहनांचे दोन वर्ग आहेत, आणि दूर जाणाऱ्याने आपल्याला कोणता वर्ग पेलेल हे आधी ठरवलेले बरे.

जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल अर्थशास्त्रात एक गाजलेला निबंध आहे. जॉर्ज अकर्लॉफ यांनी तो १९७० साली लिहिला, आणि २००१चे नोबेल पारितोषिक त्यांना ज्या विचाराबद्दल मिळाले त्याची सुरुवात तिथे आहे. युक्तिवाद साधा आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत आपली चांगली गाडी देणे मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात त्या वाईट गाड्या. अकर्लॉफ यांनी मोटारींबद्दल लिहिले, तरी सांगली, मिरज, कराड आणि सातारा या चार गावांत चार महिने हिंडून मला त्यात एका शब्दाचीही भर घालावीशी वाटत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या बाजारात ओळखीचा वाटेल तो अविश्वसनीय निवेदक. जुनी गाडी विकणाऱ्याचे निवेदन हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच आहे आणि त्याची सूत्रे ठरलेली आहेत. 'सिंगल हँड वापर.' 'डॉक्टरांची गाडी, नुसती दवाखाना ते घर.' 'एक रुपयाचं काम नाही, पेट्रोल टाका आणि चालवा.' 'पोरगा पुण्याला गेला, म्हणून काढायची, नाहीतर काढलीच नसती.' माझ्या व्यवसायाला अनुसरून मला पुष्कळदा 'मास्तरांची गाडी' दाखवली गेली. प्रत्येक निवेदनात गाडी विकण्याचे कारण गाडीच्या बाहेरचे असते, हे या प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण. गाडीत काही बिघाड आहे म्हणून ती विकली जात आहे, असे वाक्य मी चार महिन्यांत एकदाही ऐकले नाही.

निवेदकावर विसंबता येत नसेल तर संहितेकडे जावे, हे आपले शास्त्र. इथेच मला पाठचिकित्सेची आठवण झाली. भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पूर्ण झाले. त्याची पद्धत बसवली ती विष्णु सीताराम सुकथनकरांनी. निरनिराळ्या प्रती समोर ठेवायच्या, पाठभेद नोंदवायचे, कोणता पाठ मूळचा आणि कोणता प्रक्षिप्त ते पुराव्याने ठरवायचे. जुनी मोटारसायकलही अशीच अनेक हातांतून गेलेली प्रत असते. मूळ कारखान्याचा मजकूर, त्यावर मालकांनी आणि मिस्त्र्यांनी केलेल्या दुरुस्त्या, मध्येच घुसवलेले प्रक्षिप्त भाग, आणि कुठे कुठे मुद्दाम खोडलेली अक्षरे.

खोडलेली अक्षरे म्हणजे चॅसिस आणि इंजिनचे नंबर. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली की ठसा उमटतो; आकड्यांची उंची सारखी नसेल, आजूबाजूचा पत्रा घासलेला असेल, तर पुढे बोलायचेच नाही. किलोमीटरचा आकडा हा सर्वांत सहज बदलता येणारा पाठ, म्हणून त्याला इतर साक्षींशी ताडून पाहायचे. मीटर वीस हजार सांगतो, मग ब्रेकचा पायटा एका बाजूने झिजून चकचकीत का झाला आहे? पायदानाच्या रबरावरची नक्षी का गेली आहे? नटांचे कोपरे गोल झाले असतील तर ते पुष्कळ वेळा, आणि चुकीच्या पान्याने, उघडले गेले आहेत. चेनच्या चक्राचे दाते वाकून आकड्यासारखे झाले असतील तर चेनही गेलेली असते. हँडल डावी-उजवीकडे हळूहळू फिरवताना मध्ये खाच लागल्यासारखे अडले तर कोनसेट संपला. इंजिन गार असतानाच पहिली किक मारायची. विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधी गाडी गरम करून ठेवली असेल, तर त्याला काहीतरी झाकायचे आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खात आहे, म्हणजे रिंगा किंवा बोअर यांचा खर्च उभा आहे.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. मिरजेत पाहिलेल्या एका गाडीच्या मागच्या टायरवर ३२१९ हे आकडे होते, म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. सांगलीच्या माणसाला हा आठवडा वेगळा सांगावा लागत नाही. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची आहे. २००५, २०१९, २०२१ या तीन पुरांनी सांगलीतल्या प्रत्येक जुन्या वस्तूच्या इतिहासात एक प्रश्न घातला आहे: तेव्हा ही कुठे होती? पुरात बुडालेली गाडी धुऊन, रंगवून, सीट बदलून उभी केली की वरून कळत नाही. पण एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात, हेडलाइटच्या आत, सीटखालच्या पोकळीत बारीक गाळाचा पिवळसर थर राहून जातो आणि वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशी चढते. अशी गाडी शहरात फिरवायला चालते. दूरच्या रस्त्यावर, रात्री, पावसात तिची वायरिंग दगा देते.

मला हे वाचायला शिकवले ते मिरजेतल्या एका मिस्त्रींनी. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांच्या या गावात कानाला किंमत आहे. जवारी लावणारा कारागीर जसा तारेच्या गुंजनाकडे कान देतो, तसे हे मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनवर आणि मूठ कानाशी धरून आतला आवाज ऐकत. माझ्याकडून तपासणीचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत; गाडी घेतलीत की काम माझ्याकडंच करायचं, एवढीच अट. त्यांच्याकडे मी ज्या क्रमाने गाड्या नेल्या तो क्रम म्हणजे माझ्या हौसेचा इतिहास आहे.

पहिली अर्थातच बुलेट. १९५५पासून मद्रासला बनत आलेले हे यंत्र आपल्याकडे वाहनापेक्षा अधिक काहीतरी असते. गावातली प्रतिष्ठा तिच्या आवाजाने मोजतात. पण पस्तीस हजारांत मिळणारी बुलेट ही बुलेटचे अवशेष असतात, आणि पावणेदोनशे किलोच्या आसपासचे ते वजन बंद पडल्यावर एकट्याने ढकलणे माझ्या प्रकृतीला झेपणारे नव्हते. मग येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. तीच दांडी किकची आणि तीच गिअरची, ही तिची गंमत अजून भुरळ घालते. त्यानंतर यामाहा आरएक्स १००, १९८५ ते १९९६ या काळातली, जिच्या आवाजावर एक पिढी भाळली. आज तिची किंमत शौकिनांनी इतकी चढवली आहे की ती स्वस्त गाड्यांच्या यादीत बसत नाही. दूधवाल्यांची राजदूत पाहिली. साताऱ्यात तर एकाने मला प्रिया स्कूटर दाखवली. ती याच गावची लेक: बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली स्थापन झाली आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून प्रिया बाहेर पडू लागली. साताऱ्यात जन्मलेल्या वाहनावरून जिंजीला जावे, ही कल्पना मला दोन दिवस सोडत नव्हती.

मिस्त्री प्रत्येक गाडी मन लावून पाहत, आणि येझदीबद्दल तर त्यांच्या डोळ्यांत माझ्याइतकीच माया होती. ती बंद करून त्यांनी मला विचारले, ''सर, गाडी झकास हाय. पण मला एक सांगा, दावणगिरीच्या अलीकडं रात्री आठला क्लचची केबल तुटली, तर कुठली घालणार?''

मी म्हणालो, जास्तीची एक जवळ ठेवीन.

''केबल ठेवाल. कॉइल ठेवाल? पॉइंट ठेवाल? आणि ते बसवणारा मिस्त्री पिशवीत घालून न्याल व्हय? मी काय तुमच्यासंगं येणार न्हाई, सर.''

माझ्या चार महिन्यांच्या शोधाची दिशा या प्रश्नाने बदलली. तोवर मी चिकित्सक आवृत्तीच्या संपादकासारखा मूळ प्रतीच्या मागे होतो: जिच्यात प्रक्षिप्त भाग कमी, जी कारखान्यातून निघाली तशीच राहिली आहे, अशी गाडी. संग्राहकासाठी ही कसोटी बरोबर आहे. प्रवाशाची गरज मात्र वेगळी असते. त्याला हवी असते अशी संहिता, जी वाटेतल्या प्रत्येक गावात कुणाला तरी मुखोद्गत आहे. तुकोबांच्या गाथेची इंद्रायणीतून तरून आल्याची कथा आपण चमत्कार म्हणून सांगतो. तिचा एक अर्थ असाही लावला जातो की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते. हजारो मुखांतून फिरताना पाठभेद झाले, ओळी मागेपुढे झाल्या, आणि अभंग टिकले. दूरच्या रस्त्यावर गाडी टिकते ती अशीच. तिची शुद्धता नव्हे, तर तिची परंपरा किती हातांत जिवंत आहे, यावर तिचे तगणे अवलंबून असते.

या कसोटीवर उत्तर एकच येते आणि ते इतके सामान्य आहे की मी ते चार महिने पाहिलेच नव्हते. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर. सत्त्याण्णव सीसीचे, चार गिअरचे, साधे इंजिन. वजन सव्वाशे किलोच्या आत. लिटरला साठच्या आसपास सहज. तिची क्लच केबल हुबळीत मिळते, तिरुवण्णामलैत मिळते, आणि जिथे गॅरेज नाही तिथे पंक्चरवाल्याकडे मिळते. जगातही दूरची वाटचाल अशाच गाड्यांनी अंगावर घेतली आहे. पुण्याच्या बजाजची बॉक्सर युगांडा-केनियाच्या रस्त्यांवर बोडा-बोडा म्हणून, नायजेरियात ओकाडा म्हणून माणसे वाहते. तिथल्या खड्ड्यांतून ती चालते, कारण ती उघडून पुन्हा बसवणारा माणूस प्रत्येक नाक्यावर आहे. होंडाच्या लहानग्या कबची निर्मिती २०१७ साली दहा कोटींवर गेली. या गाड्यांवर पुस्तके फारशी लिहिली गेली नाहीत, एवढेच.

हा 'एवढेच' मात्र विचार करण्यासारखा आहे. प्रवासवर्णनाचा नायक ज्या गाडीवर बसतो आणि लोक खरोखर ज्या गाडीवर दूर जातात, त्यांत जे अंतर आहे तेच प्रवासी कुणाला म्हणायचे या प्रश्नातही आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या तालुक्यांतली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. जुने दागिने वितळवून, आम्लाने शुद्ध करून सोने-चांदी वेगळी काढण्याचा हा धंदा; केरळ-तमिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत सराफ कट्ट्याच्या मागच्या गल्लीत विट्याकडचा माणूस भेटतो. त्यांच्या येण्या-जाण्याला आपण स्थलांतर म्हणतो, प्रवास म्हणत नाही. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावाहून मुंबईपर्यंत कुटुंबासह पायी गेलेल्या अण्णा भाऊ साठ्यांची ती वाटचालही आपण चरित्राच्या पहिल्या प्रकरणात ठेवतो, प्रवासवाङ्मयाच्या इतिहासात नाही. गरजेने केलेली वाट आणि हौसेने केलेली वाट यांची प्रतवारी आपण वाहनावरून करतो, असे मला आता वाटू लागले आहे.

अखेर गाडी मिळाली ती अशाच एका घरात, खानापूर तालुक्यात. मिस्त्रींनी सांगितलेच होते, ''सर, घाटमाथ्यावरची बगा. तिकडं प्यायला पाणी न्हाई, गाडी बुडंल कशात?'' एकाच जिल्ह्यात पूर आणि दुष्काळ नांदतात याचा असा उपयोग होईल हे मला सुचले नसते. गाडी २०१२ची, टाकीवर नुसते 'हिरो' लिहिलेली. होंडापासूनची फारकत त्याआधी झाली होती, आणि बाजारात जुन्या जोडनावाच्या गाडीला लोक दोन-तीन हजार जास्त देतात. आतले इंजिन त्याच घडणीचे आहे हे ऐकून घ्यायला कुणी तयार नसते. आम्हाला ते पथ्यावरच पडले. घरचे आबा तीस वर्षे तमिळनाडूत गलाईचे दुकान चालवून परतलेले. आता तिथे मुलगा आहे. गाडी मुलाच्या नावावर, वापर आबांचा. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून विकायची. कारण पुन्हा गाडीबाहेरचेच, हे मी मनात टिपून ठेवले.

मी शंका बोलून दाखवण्याआधी आबाच म्हणाले, ''मास्तर, माझ्या बोलण्यावर जाऊ नका. रातभर गाडी तुमच्यात ठेवा, सकाळी गार इंजिनावर किक मारा, तुमच्या मिस्त्रीला दावा. सोनं काय तोंडानं सांगत न्हाई, कस लावूनच बघावं लागतं.'' अकर्लॉफच्या बाजारात प्रामाणिक विकणाऱ्यापुढे पेच असतो की आपला प्रामाणिकपणा दाखवायचा कसा. शब्दांनी तो दाखवता येत नाही, कारण शब्द सर्वांकडे सारखेच असतात. तो दाखवायचा तर तपासणीचा धोका स्वतः पत्करावा लागतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे सोने पारखलेल्या माणसाला हे अर्थशास्त्र कुणी शिकवायची गरज नव्हती.

मिस्त्रींनी निदान दिले: इंजिन न उघडलेले, चेनसेट आणि कोनसेट संपलेले, मागचा टायर टणक झालेला, क्लचप्लेटा शेवटच्या घटका मोजणाऱ्या. सौदा अठ्ठावीस हजारांना ठरला, वर सहा हजारांचे काम निघाले. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या. २०२५पासून देशभर पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल, आणि या गाडीच्या काळातले रबर त्यासाठी बनलेले नव्हते. त्या इथेनॉलातला काही भाग आमच्याच कृष्णाकाठच्या उसाचा असणार. आपल्या शिवारातला ऊस आपल्या गाडीच्या नळ्या खातो, हा योग विलक्षणच.

राहिली कागदपत्रे. एजंटांचा सल्ला असा की सह्या घेऊन ठेवा, नाव सावकाश चढवा. मला ते मान्य नव्हते आणि आबांना तर मुळीच नाही. २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गाडी चार हातांतून विकली गेली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथी येते. म्हणजे माझ्या हातून परमुलखात काही घडले असते तर जबाबदारी आली असती ती तमिळनाडूत भट्टीपुढे बसलेल्या त्या मुलावर. लेखकाच्या मृत्यूबद्दल आपण वर्गात कितीही बोललो तरी आरटीओच्या दफ्तरात लेखक जिवंत असतो. तेव्हा दिवाळीला मुलगा गावी येईपर्यंत थांबलो. त्याने एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मांवर सह्या केल्या, मी पैसे दिले, आणि नाव चढेपर्यंत गाडी त्यांच्याच सोप्यात उभी राहिली. निघताना मुलाने आपल्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. ते गाव तंजावरच्या वाटेवरच आहे. वाटेत मुक्कामाला या, म्हणाला.

शंभर सीसीच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. महामार्गावर मोठे ट्रक शेजारून गेले की ही गाडी हलते. ताशी पन्नास-पंचावन्नच्या वर तिला पळवायची नाही, अंधार पडल्यावर चालवायची नाही, दिवसाला अडीचशे किलोमीटर पुरे, असे मिस्त्रींनी बजावले आहे. म्हणजे जिंजीला पोहोचायला चार-पाच दिवस लागतील. राजाराम महाराजांना महिन्याहून अधिक लागला होता. जानेवारीत परीक्षांच्या आणि तासिकांच्या मधल्या फटीत निघायचे आहे.

जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक पुष्पिका लिहीत: ही प्रत अमुक शके, अमुक तिथीस, अमक्याने, अमक्यासाठी उतरली. या गाडीच्या डाव्या बाजूचे झाकण काढले तर आतल्या बाजूला काळ्या मार्करने आबांच्या अक्षरात ऑइल बदलल्याच्या तारखा आहेत. २०१२पासून एकाखाली एक, कुठे अक्षर ठसठशीत, कुठे शाई पुसट, आणि २०२०च्या उन्हाळ्यात काही महिन्यांची मोकळी जागा. शेवटची नोंद या वर्षीच्या आखाडातली आहे. तिच्याखाली अजून पाच-सहा ओळी मावतील.